एआयपी म्हणजे काय? उत्तर विशाखापट्टणमच्या एका जुन्या पाणबुडीत आहे

पाणबुड्यांच्या बातम्यांमध्ये ‘एआयपी’ हा शब्द हल्ली सारखा येतो. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पाणबुड्यांसाठी सुमारे २,८६७ कोटी रुपयांचे दोन करार केले. त्यातला मोठा करार मुंबईच्या माझगाव डॉकशी झाला, तो पाणबुडीत एआयपी यंत्रणा बसवण्यासाठी. एवढा खर्च कशाला? मला हे नीट कळलं ते आयएनएस कुरसुरा आतून पाहिल्यावर.

किनाऱ्यावरची पाणबुडी

कुरसुरा ही सोव्हिएत बनावटीची, फॉक्सट्रॉट वर्गातली पाणबुडी. डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती आणि फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली. २००२ पासून ती विशाखापट्टणमच्या आरके बीचवर संग्रहालय म्हणून उभी आहे.

लांबी ९१ मीटर, म्हणजे बाहेरून अवाढव्य. पण आत शिरलात की खांदे आक्रसून चालावं लागतं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झडप, त्यातून वाकून पाय टाकायचा. दोन्ही बाजूंना पाइप, व्हॉल्व्ह, डायल. झोपायच्या फळ्या मिळेल त्या जागी बसवलेल्या. सुमारे ७५ माणसं इथे कित्येक आठवडे राहायची.

मग एवढी जागा गेली कुठे? बरीचशी तुमच्या पायाखाली, बॅटऱ्यांमध्ये!

चार्जिंगला लावलं की धोका सुरू

डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नसते. म्हणून खाली असताना पाणबुडी बॅटरीवर, इलेक्ट्रिक मोटरने चालते. कुरसुरात ३ डिझेल इंजिनं आणि ३ मोटर आहेत. बॅटरी उतरली की वर यायचं, किंवा स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढून हवा घ्यायची आणि डिझेल इंजिनं सुरू करून चार्जिंग करायचं.

गोची इथेच आहे. स्नॉर्केल रडारवर दिसू शकतं आणि इंजिनाचा आवाज दूरवर जातो. लपणं हीच जिची ताकद, तिला दर थोड्या दिवसांनी स्वतःहून उघडं पडावं लागतं.

वेगाचं गणितही बघा. वेग दुप्पट केला की साधारण आठपट शक्ती लागते. फोनवर गेम खेळताना बॅटरी कशी झपाझप उतरते, तसंच. रेंगाळत गेलात तर काही दिवस निघतात. पूर्ण वेगाने पळालात तर काही तासांतच चार्जिंग संपतं. म्हणजे शत्रू मागे लागला असताना पळायचं की बॅटरी वाचवायची, हा कॅप्टनसाठी जीवनमरणाचा हिशेब असतो.

एआयपी काय करतं?

एआयपी म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय वीज बनवायची सोय. डीआरडीओची यंत्रणा फ्युएल सेलवर चालते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रासायनिक क्रियेतून वीज मिळते. हा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो, त्यामुळे त्याच्या मोठ्या टाक्या न्याव्या लागत नाहीत. हे तंत्रज्ञान विकसित केलं ते आपल्या अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने. उद्योगातले भागीदार एल अँड टी आणि पुण्याची थरमॅक्स.

पण एआयपी म्हणजे जादू नव्हे. तिची शक्ती मर्यादित असते. हळू, गुपचूप गस्तीसाठी उत्तम, पण जोरात पळायला बॅटरीच लागते. म्हणून जपानने वेगळा मार्ग निवडला. त्यांची ओर्यू ही पाणबुडी २०२० पासून लिथियम-आयन बॅटरीवर चालते, म्हणजे तुमच्या फोनमध्ये असते त्याच जातीच्या.

आपण कुठे आहोत?

थोडे मागे. पाकिस्तानच्या अगोस्टा ९०बी पाणबुड्यांमध्ये एआयपी आधीपासून आहे आणि चीनकडून ठरलेल्या ८ हँगोर पाणबुड्यांमध्येही ती असणार आहे. आपल्या माझगाव डॉकने बांधलेल्या कलवरी वर्गातल्या सहाही पाणबुड्या एआयपीशिवाय नौदलात आल्या. सहावी, आयएनएस वागशीर, जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. आता त्या मोठ्या दुरुस्तीसाठी येतील तेव्हा मधोमध कापून एआयपीचा भाग जोडायचा, असा बेत आहे.

माझ्या मते हा खर्च योग्यच आहे, पण उशीर महागात पडतोय. बांधतानाच बसवायची गोष्ट नंतर पाणबुडी कापून बसवणं जास्त किचकट असतं आणि तेवढा काळ ती पाणबुडी गोदीत अडकून पडते.

आणखी एक सांगावंसं वाटतं. १९७१ ची विक्रांत मुंबईत संग्रहालय होती; ती २०१४ मध्ये भंगारात गेली. कुरसुरा वाचली, म्हणून हे सगळं पुस्तकाऐवजी प्रत्यक्ष बघता येतं. विशाखापट्टणमला गेलात तर टॉर्पेडोसोबत सेल्फी जरूर काढा. पण इंजिनाच्या कप्प्यात दोन मिनिटं थांबा आणि विचार करा: ही इंजिनं सुरू झाली की आतल्या ७५ जणांना काय वाटत असेल? चार्जिंग होतंय म्हणून हायसं, की आता आपण कुणाला तरी ऐकू जातोय म्हणून धाकधूक?