धोकादायक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. आमच्या सोसायटीची परवाची सभा काही डोक्यातून जात नाही.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग. लिफ्ट नाही, वय चाळिशीच्या पुढे. उपनगरात अशी बिल्डिंग म्हटली की पुढचा शब्द ठरलेला... रिडेव्हलपमेंट! मला ते हवंच आहे बरं का, आईचे गुडघे बघता. पण ते ज्या शब्दांनी गळी उतरवलं जातंय, त्याबद्दल माझी तक्रार आहे. आणि त्यातला पहिला शब्द मीच लिहिला होता.

झालं असं की आमचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट आला 'सी-२बी'. महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती करायची. सभेच्या नोटिशीचं मराठी माझ्याकडे असतं. सेक्रेटरी म्हणाले, "जरा जोर येऊ दे." मी 'आपली इमारत'च्या जागी 'आपली धोकादायक इमारत' केलं. एकच तर विशेषण!

सभेत कुणीतरी घाटकोपरचं नाव काढलं. जुलै २०१७, सिद्धी साई इमारत, १७ माणसं गेली. हॉल चिडीचूप. मग दुरुस्तीच्या कोटेशनचा विषय निघालाच नाही. कोण काढणार? घाटकोपरला तर तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. किती निरुपद्रवी शब्द ना, नूतनीकरण?

मग बिल्डरचा माणूस उठला. ३५ टक्के जादा कार्पेट म्हणाला, टाळ्या पडल्या. आमच्या मजल्यावरच्या काकू (वय ७०, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या) उठून म्हणाल्या, "आमचं जुनं माप आणि तुमचं नवं माप एकाच पट्टीनं घेतलंय का?"

प्रश्न अगदी नेमका होता. आमच्या कागदांवर घराच्या आतल्या भिंती सोडून मोजलेलं कार्पेट आहे. बिल्डर बोलत होता ते रेरा कार्पेट. २०१६च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जागाही धरतात. शब्द तोच, पट्टी वेगळी. म्हणजे त्या ३५ टक्क्यांतला थोडा भाग आम्हाला भिंतींतच मिळणार.

उत्तर कुणी दिलं नाही. मागून आवाज आला, "काकू, तुमचा विरोध आहे का?"

"विरोध नाही हो, विचारतेय."

पण तोवर काम झालं होतं. जिन्यात त्या 'विरोधक' झाल्या, दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत 'नॉन-कोऑपरेटिव्ह'. (गांधीजींच्या काळात असहकार करणाऱ्याला मान होता. असो.) २०१९च्या शासन निर्णयानं ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, म्हणजे काकूंच्या सहीवाचून काहीच अडत नाही. तरीही त्यांना नाव ठेवायचं ते कशासाठी? माझ्या मते, पुढच्या माणसाने प्रश्न विचारू नये म्हणून. आणि झालंही तसंच. मला स्वतःला भाड्याच्या रकमेबद्दल विचारायचं होतं, मी गप्प बसलो.

आता मिनिट्सचा मसुदा माझ्यासमोर आहे. सेक्रेटरींनी पाठवलेल्या कच्च्या टिपणात वाक्य आहे, 'एका सभासदांनी विरोध दर्शवला.' मी ते खोडून लिहिलं, 'एका सभासदांनी मोजमापाच्या पद्धतीबद्दल प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही.' आणि इमारतीपुढे 'सी-२बी' लिहिलं, विशेषण काढून टाकलं.

काल रात्री साडेदहाला सेक्रेटरींचा फोन. "अहो, ते 'उत्तर मिळाले नाही' जरा कडू वाटतं. 'उत्तर यथावकाश देण्यात येईल' करू या का?"

मी म्हटलं, "करू. यथावकाश म्हणजे कुठली तारीख टाकू?"

अजून कळवलेलं नाही त्यांनी.