कॉलेज काय देणे लागते?

निरोप समारंभ झाला, गुणपत्रिका हातात पडली, की कॉलेजचा आणि विद्यार्थ्याचा संबंध संपला, असे मानणारे प्राध्यापक आणि संस्थाचालक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, म्हणून आधी पूर्वपक्ष त्यांच्याच बाजूने मांडतो. कॉलेज हे विद्येचे ठिकाण आहे, रोजगार विनिमय केंद्र नव्हे. नोकऱ्या उद्योगधंद्यांतून निघतात, प्राचार्यांच्या केबिनमधून नाही. एकवीस वर्षांचा मुलगा मतदान करतो, कायद्याने लग्न करू शकतो, मग अर्ज कुठे करायचा हेही सरांनीच सांगायचे? आणि एकदा का नोकरी हेच कॉलेजचे काम ठरले, की तत्त्वज्ञान, मराठी, शुद्ध गणित या विभागांना कुलूप लागायला किती वेळ लागणार?

माझे म्हणणे असे: कॉलेज नोकरी देणे लागत नाही. पण कामाच्या जगाशी विद्यार्थ्याची गाठ घालून देणे आणि आपल्याकडून शिकून गेलेल्यांचे पुढे काय झाले ते खरेखरे सांगणे, एवढे ते नक्की देणे लागते. आणि बहुतेक कॉलेजे हे देणे राजरोस बुडवत आहेत.

‘विद्येसाठी विद्या’ हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे, पण आपल्याच कॉलेजांचा इतिहास त्याला साथ देत नाही. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, ज्याचे पुढे सीओईपी झाले, तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसे हवी होती म्हणून. मुंबईत १८८७ साली व्हीजेटीआय निघाली तेव्हा डोळ्यांसमोर कापडगिरण्या होत्या. १९३३ च्या रासायनिक तंत्रज्ञान विभागामागे, म्हणजे यूडीसीटीमागे, कापड आणि रसायन उद्योगांची गरज होती. १८५७ च्या मुंबई विद्यापीठाचा पाया ज्या वुडच्या खलित्यात आहे, त्यातही सरकारी कामासाठी शिकलेली, भरवशाची माणसे मिळावीत हा हेतू स्पष्ट लिहिलेला होता. म्हणजे नोकरी आणि कॉलेज यांची सोयरीक काल-परवाची नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिले, त्यानंतर तर पालकांनी पीककर्ज काढून आणि सोने गहाण ठेवून फी भरली. ती ज्ञानप्राप्तीच्या ओढीने भरली, असे म्हणणारा एखादा संस्थाचालक मला भेटायचा आहे.

बरे, संस्थाचालकांनाही तसे वाटत नाही. जून महिन्यात कुठल्याही जिल्ह्याच्या एसटी स्टँडवर उभे राहा. समोरच्या फ्लेक्सवर ग्रंथालयाचा फोटो नसतो; कोट घातलेल्या मुलामुलींचे फोटो असतात, खाली कंपन्यांचे लोगो आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’ अशी ठळक ओळ. प्रवेशाच्या वेळी नोकरी विकायची आणि पदवीच्या वेळी विद्येचे सोवळे नेसायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येत नाही. माझ्या मते साऱ्या वादाचा निकाल इथेच लागतो. यशाचे श्रेय फ्लेक्सवर लावणाऱ्याला अपयशाचा हिशेब टाळता येणार नाही.

ते १०० टक्के कसे भरतात, तेही जरा जवळून पाहू. समजा एका शाखेत १२० मुले आहेत. कंपनीची अट असते: दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे किमान ६० टक्के, आणि एकही विषय राहिलेला नको. इथेच निम्मी मुले गळतात. उरलेल्या ६० जणांतले काही एमएस किंवा एमपीएससी करायचे म्हणतात, ते नाव नोंदवत नाहीत. राहिले ४५. त्यांच्या हातात मिळून ४५ ऑफर लेटर पडली, की झाले शंभर टक्के! त्यात एकाच हुशार मुलीच्या हातात तीन पत्रे असतील, तर तीही तीनदाच मोजली जातात. जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेचा, म्हणजे ‘आस्की’चा, शिक्षणसंस्थांसाठी नियम आहे: नोकरी लागलेल्यांचा आकडा छापायचा तर त्या वर्गातून एकूण किती जण उत्तीर्ण झाले तोही छापा. फ्लेक्सवर तो दुसरा आकडा शोधून पाहा. शिवाय ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. २०२२ च्या बॅचमधल्या कितीतरी मुलांना बड्या आयटी कंपन्यांनी पत्रे दिली आणि रुजू व्हायची तारीख महिनोन्महिने दिली नाही. कॉलेजच्या यादीत मात्र ती मुले ‘प्लेस्ड’च राहिली.

या व्यवस्थेत मदत कोणाला होते? ज्याला कॉलेजशिवायही कोणीतरी घेतलेच असते, त्याला. टीपीओ साहेब, म्हणजे कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी, कंपनीची सरबराई करतात, ॲप्टिट्यूड टेस्टसाठी कॉम्प्युटर लॅब मोकळी करून देतात, वरच्या चाळीस मुलांना रांगेत बसवतात. एक विषय राहिलेला, इंग्रजीला अडखळणारा, गावाकडून आलेला मुलगा त्या दिवशी हॉस्टेलवर झोपून असतो, कारण त्याला बोलावलेलेच नसते. मदतीची गरज त्याला होती.

आता ‘सज्ञान मुलगा, त्याचे त्याने पाहावे’ या आक्षेपाकडे येतो. तो मला सर्वांत जास्त खटकतो. शहरातल्या डॉक्टर-वकिलाच्या घरी मुलगा नोकरी त्याची तो शोधतो, हे खरे नाही. तिथे काका असतो, आईची मैत्रीण एचआरमध्ये असते, सोसायटीतले कोणीतरी ‘सीव्ही पाठवून दे, बघतो’ म्हणते. याला तिथे वशिला म्हणत नाहीत, ओळख म्हणतात. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचले, त्या घराला कॉलेजखेरीज दुसरी ओळखच नसते.

खेड आणि चिपळूण यांच्या मधोमध लोटे-परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. त्या टापूतल्या एखाद्या कॉलेजातून बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिने तीन वर्षे टायट्रेशन केले, कंपन्यांच्या चिमण्या रोज एसटीच्या खिडकीतून पाहिल्या. त्या कंपन्यांत क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) लॅब नावाची जागा असते, तिथे नुकते पदवी झालेल्यांना घेतात, त्यासाठी वॉक-इन असतो, आणि तिथे एचपीएलसी या यंत्राबद्दल हमखास विचारतात, यातले तिला कोणी काही सांगितलेले नसते. तिचा बायोडाटा सायबर कॅफेवाल्याने जुन्या फाइलमधून काढून दिलेला: वर ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा’ असे इंग्रजी वाक्य, मग उंची, रक्तगट, छंद, आणि प्रॅक्टिकलमध्ये काय काय केले याची एक ओळही नाही. तिच्या सरांनी वर्षातून एकदा एका क्यूसी मॅनेजरला चहाला बोलावले असते आणि हा कागद लाल पेनाने एकदा दुरुस्त करून दिला असता, तर काय बिघडले असते? याला निधी लागत नाही, समिती लागत नाही. इथे ‘स्वावलंबन’ हा शब्द कोणी वापरू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना स्वावलंबन शिकवले ते ‘कमवा आणि शिका’ असे काम हातात देऊन. कामाचा पत्ता न सांगणे म्हणजे स्वावलंबन नव्हे, ती टाळाटाळ आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर एक उपाय दिला होता. राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगला चार श्रेयांक, म्हणजे सुमारे १२० तास. कल्पना चांगली, पण त्याचे काय झाले ते कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात विचारा. ‘तुमची तुम्ही जागा शोधा आणि सर्टिफिकेट आणा,’ एवढी सूचना ग्रुपवर पडते. मग मामाच्या मेडिकलचा शिक्का, नाहीतर ओळखीच्या सीएच्या ऑफिसची सही. श्रेयांक मिळाले, फाइल पूर्ण झाली, मुलाला काम म्हणजे काय ते कळलेच नाही. कॉलेजने परिसरातल्या बँका, सूतगिरण्या, दवाखाने, नगरपालिका यांच्याशी करार करून जागा मिळवायला हव्या होत्या. ते काम सोपवले कोणाकडे, तर बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) प्राध्यापकाकडे. नेट-सेट झालेला, कितीतरी वर्षे सीएचबीवर, ज्याला मे महिन्याचा पगार नाही, त्याने मुलांना करिअर मार्गदर्शन करायचे! कायम प्राध्यापकांची भरती वर्षानुवर्षे रोखून धरणारे सरकारही या बुडीत देण्यात भागीदार आहे, हे सांगून ठेवतो.

‘नोकऱ्याच नाहीत, तर कॉलेज काय करणार?’ हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या भारत रोजगार अहवालात २०२२ ची आकडेवारी आहे: निरक्षर तरुणांत बेरोजगारीचा दर ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. निरक्षराला घरी बसणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो, हे त्यातले एक कारण. तरीही आकडा हादरवणारा आहे, आणि कुठल्याही प्राचार्यामुळे तो बदलेल असे मी म्हणत नाही. पण नोकऱ्या दुर्मिळ झाल्या की त्यांचा पत्ता जास्त मोलाचा होतो. पदवीधरांसाठी शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे, विद्यावेतन आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले होते. अशा गोष्टी गावात आधी कोणाला कळतात? कार्यकर्त्याला. मग तो त्या आपल्या माणसांना सांगतो. हे काम कॉलेजच्या नोटीस बोर्डाने करायला नको का?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा त्यांच्याकडूनही गैरवापर होतो. ‘नोकरी नाही तर फी परत’ अशी मागणी अधूनमधून निघते. तिला माझा साफ विरोध आहे. हमी द्यायची वेळ आली, की कॉलेज आधी प्रवेशालाच मुले गाळील. ज्याला नोकरी लागणे अवघड, त्याला दारातूनच परत पाठवील. मग कुठल्यातरी कन्सल्टन्सीकडून दोन महिन्यांच्या कॉल सेंटरची पत्रे मिळवून यादी भरली जाईल. खासगी क्लासनी निवडीच्या आणि नोकरीच्या खोट्या हमीच्या जाहिराती करू नयेत, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. हमीचा धंदा कुठल्या थराला जातो ते त्यावरून कळावे.

तत्त्वज्ञान आणि मराठीच्या विभागांची भीतीही या हमीवाल्यांमुळेच खरी ठरेल, माझ्या मागणीमुळे नाही. एम.ए. मराठी झालेल्याला मुद्रितशोधन, उपशीर्षके, अनुवाद, आकाशवाणीतली नैमित्तिक कामे, बँकांच्या आणि ॲप्सच्या मराठीकरणाची कामे असतात, हे सांगायला अभ्यासक्रमातला संत साहित्याचा एकही पेपर काढावा लागत नाही. उलट, हे सांगितले नाही म्हणून बाप पोराला त्या विषयाला जाऊ देत नाही, आणि मग विद्यार्थिसंख्या कमी म्हणून विभाग बंद पडतो. इंजिनिअरिंगमध्येही तेच: सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा ओस पडतात आणि सगळे कॉम्प्युटरच्या रांगेत, कारण त्या शाखांतून गेलेल्यांचे पुढे काय झाले, हे कोणी मांडून दाखवलेलेच नसते.

मग देणे नेमके कोणते? पहिले तर अडवणूक बंद करा. महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून मुलाची मूळ कागदपत्रे दाबून ठेवायची, आणि तिकडे त्याची कागदपत्र पडताळणीची तारीख निघून जायची, हे आजही घडते. मूळ प्रमाणपत्रे अडवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. दुसरे, निकाल वेळेवर लावणे ही नोकरीसाठीची सर्वांत मोठी मदत आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल रखडले आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले, पण ज्यांच्या प्रवेशाच्या आणि रुजू होण्याच्या तारखा हुकल्या त्यांना कोणी काय दिले? तिसरे, माजी विद्यार्थ्यांची खरी यादी, म्हणजे स्नेहमेळाव्याला जेवायला बोलावण्यासाठी नव्हे, तर कोण कुठे काम करतो आणि कोणाला फोन करता येईल यासाठी. आणि ही मदत पदवीनंतरही दोन वर्षे तरी मिळावी, कारण तालुक्यातल्या मुलाला पहिली नोकरी क्वचितच जूनमध्ये लागते.

शेवटचा उरतो हिशेब, आणि त्याचा नमुना नव्याने बनवावा लागणार नाही. ‘एनआयआरएफ’ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक तक्ता भरावा लागतो: पहिल्या वर्षाला किती आले, ठरल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, पुढे शिकायला किती गेले. तो संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. क्रमवारीत न उतरणाऱ्या कॉलेजांवर मात्र ही सक्ती नाही. सरकारने हाच तक्ता प्रत्येक अनुदानित-विनाअनुदानित कॉलेजला, शाखावार, ‘माहिती नाही’ असा एक रकाना जोडून, प्रवेश अर्जासोबत द्यायला लावावा. तो रकाना मोठा निघाला तरी हरकत नाही. कॉलेज आपल्या मुलांना किती ओळखते, तेही त्यातून दिसेल.

सरकार हे करीपर्यंत पालकांनी थांबू नये. या जूनमध्ये प्रवेशासाठी कॉलेजात जाल तेव्हा सर्वांत मोठे पॅकेज किती, हे विचारू नका. गेल्या वर्षी या शाखेला किती मुले होती आणि आज ती सगळी कुठे आहेत, एवढेच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.