काचेच्या कोपऱ्यात काय लिहिलंय?

मुलांनो, आमच्या कपिलधारला तुम्ही आला आहात का? बीडहून निघायचं, मांजरसुंब्याला यायचं आणि तिथून डोंगरात वळायचं. पावसाळ्यात इथला धबधबा बघायला गर्दी होते. कार्तिक पौर्णिमेला मन्मथ स्वामींच्या यात्रेसाठी माणसं पार कर्नाटकातूनही येतात. त्या दिवसांत इथल्या जीपवाल्यांना जेवायलाही फुरसत नसते.

अशाच एका यात्रेच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. आमच्या शेजारचे काका जीप घेऊन घाट चढत होते. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि खाडकन जीपच्या पुढच्या काचेवर आदळला. काचेवर कोळ्याचं जाळं विणावं तशा रेघा उमटल्या. पण गंमत बघा, एकही तुकडा खाली पडला नाही! काकांनी जीप हळूहळू कडेला घेतली. सगळे सुखरूप होते.

काच मात्र बदलायलाच हवी होती. काका शहरातल्या एका दुकानात गेले. त्यांची पाचवीतली मुलगीही सोबत होती. दुकानदार म्हणाला, "ही घ्या, स्वस्तात आहे. तासाभरात बसवून देतो." काका खूश झाले. पण ही पोरगी काचेभोवती फिरून आली आणि म्हणाली, "अण्णा, आपल्या जुन्या काचेच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं होतं. हिच्यावर काहीच नाही."

"अगं, काच ती काच. तिच्यावर काय लिहायचं?" दुकानदार हसला.

मुलांनो, तुम्हीच सांगा, काच ती काच असते का? घरातला पेला पडला तर त्याचे सुरीसारखे लांब, धारदार तुकडे होतात. गाडीच्या दारांना बहुधा टफन्ड काच असते. ती ६०० अंशांहून जास्त तापवतात आणि थंड हवेच्या झोतांनी झटकन निववतात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. तरीही फुटलीच, तर तिचे बोथट, बारीक खडे होतात.

मग तीच पुढे का लावत नाहीत? कारण ती फुटली की एका क्षणात सगळीच्या सगळी फुटते. घाटाच्या वळणावर चालकाला समोरचं काहीच दिसेनासं झालं, तर काय होईल?

म्हणून पुढची काच लॅमिनेटेड असते. म्हणजे दोन काचा आणि त्यांच्या मधोमध प्लॅस्टिकचा पारदर्शक, चिकट पापुद्रा. काच तडकली तरी तुकडे त्या पापुद्र्याला धरून राहतात. माणूस जोरात पुढे फेकला गेला, तर सहसा तो आरपार बाहेर जात नाही. या काचेचा शोध अपघातानेच लागला असं सांगतात. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचं एक भांडं पडलं. ते तडकलं, पण विखुरलं नाही. आतलं रसायन सुकून त्याचा पातळ थर काचेला चिकटला होता! १९०९ साली त्यांनी या काचेचं पेटंट घेतलं.

घरी करून पाहा. एक बिस्कीट मुठीने दाबा. चुरा होईल. आता दोन बिस्किटांमध्ये घट्ट जॅम लावून दाबा. तडे जातील, पण तुकडे जागेवर राहतील. नंतर प्रयोग खाऊन टाका!

तर त्या दिवशी काका माझ्याकडे आले. "गुरुजी, उद्या यात्रा आहे. एक दिवस जीप उभी राहिली तर मोठं नुकसान होईल. काय करू?" मी म्हणालो, "काका, नुकसान होईल हे खरं. पण त्या काचेमागे कोण बसणार आहे?" काकांनी मुलीकडे पाहिलं आणि गप्प झाले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून शिक्क्याची काच आली. यात्रेचा मुख्य दिवस हुकला. काका चार दिवस हळहळले, पण परत ते बोलले नाहीत.

आता तुमच्या घरी काच बदलायची वेळ आली, तर आई-बाबांबरोबर एवढं नक्की बघा :

१. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा क्रमांक, कारखान्याचं नाव आणि परवाना क्रमांक हवा. परवाना खरा आहे का, ते मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतं.

२. बसवण्याआधी काचेची कड निरखून बघा. लॅमिनेटेड काचेत दोन थर आणि मधली रेघ दिसते.

३. काचेतून दूरच्या विजेच्या खांबाकडे बघत डोकं हलवा. खांब वाकडातिकडा नाचू लागला, तर ती काच नको.

४. काच फार काळसर नको. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा नियम आहे.

५. जुन्या जीपची काच रबरात बसते. ते रबर कडक झालं असेल तर तेही बदला. नव्या मोटारींची काच खास गोंदाने चिकटवतात. तो गोंद वाळेपर्यंत, कारागीर सांगेल तितका वेळ, गाडी हलवायची नाही. घाई केली तर चांगली काचही निकामी ठरते.

६. वायपरचं झिजलेलं रबर नव्या काचेवर ओरखडे पाडतं. तेही बदलून घ्या.

७. पक्कं बिल मागा. विमा असेल तर काच बदलण्याआधी विमा कंपनीला कळवा.

आणि हो, बारीक टवका उडाला असेल तर दर वेळी काच बदलावी लागत नाही. वेळीच दाखवलं तर पुष्कळदा तो भरून घेता येतो. मात्र मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या तडकलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. चीर सरसर पळते!

या आठवड्याचा गृहपाठ : उभ्या असलेल्या एखाद्या गाडीच्या पुढच्या आणि दाराच्या काचेचे कोपरे वाचा, दोन्हींवर काय लिहिलंय ते वहीत टिपून ठेवा. चालककाकांना विचारून बरं का! आणि त्या पाचवीतल्या पोरीसारखं, कोपऱ्यात काहीच दिसलं नाही तर गप्प बसू नका. विचारा.

तुमचे,
गुरुजी