पांढऱ्या रेषेच्या डावीकडे

जानेवारी २०२३ मधला एक रविवार. पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि आम्ही बावीस जण कात्रजच्या चौकात आपापल्या सायकली धरून उभे होतो. डोक्याला हेल्मेट, अंगात उजेड पडला की चमकणारे पिवळे जाकीट, सायकलीला पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल. खिशात चिक्की, खजूर आणि एक जाड कागदाचे कार्ड. जुना घाट चढून महामार्गाने साताऱ्याच्या अलीकडपर्यंत जायचे आणि परत यायचे. अंतर २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. मंडळींत एक दंतवैद्य, दोन-तीन संगणक अभियंते, एक सनदी लेखापाल बाई, गणित शिकवणारा एक तरुण शिक्षक आणि मी. बँकेतून निवृत्त झालेला, मधुमेहाच्या धाकाने सायकलीवर बसलेला, आणि वयाने सर्वांत मोठा असल्यामुळे सगळ्यांचा काका.

चहाच्या टपरीवाल्याने विचारले, "रेस आहे का?"

"नाही."

"मग बक्षीस?"

"ते पण नाही."

"मग कशाला एवढं?"

आम्ही हसलो. उत्तर मात्र कोणीच दिले नाही. ते उत्तर मी त्या दिवसापासून शोधतो आहे, आणि त्या शोधात मला आपल्या रस्त्यांविषयी काही गोष्टी उमगल्या. त्या सांगण्यासाठी हा लेख.

या प्रकाराला 'ब्रेव्हे' म्हणतात. पद्धत मूळची फ्रान्समधली. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर असे चढते टप्पे असतात. पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो, मुदतीत पोहोचलेले सगळे सारखे. बाहेरची मदत फक्त ठरलेल्या थांब्यांवर, एरवी पंक्चर झाले तर आपले आपण काढायचे. या जगाची पंढरी म्हणजे पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन पॅरिसला परत येणारी १२०० किलोमीटरची फेरी. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता दर चार वर्षांनी होते, हौशी लोकांची असते, आणि तिची कमाल मुदत आहे ९० तास. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडेही हे वेड चांगलेच रुजले. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी जोडीने अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली, तेव्हा तर सायकल ही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शोभणारी गोष्ट आहे हे सर्वांनाच पटले.

समूहाने सायकल चालवण्यात एक शहाणपण असते. पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागच्यांचे श्रम वाचतात. तो दमला की बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. पुढच्याला खड्डा दिसला की तो हात खाली करून बोट दाखवतो, त्याच्या मागचा तीच खूण करतो, आणि अशी ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. त्या शेवटच्या माणसाला खड्डा दिसलेलाच नसतो, तरी तो त्यात पडत नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढून मी सहकार या विषयावर पुष्कळ परिपत्रके वाचली. सहकार म्हणजे काय ते मला शिरवळच्या अलीकडे, एका अनोळखी पोराच्या मागच्या चाकाकडे डोळे लावून पायडल मारताना समजले.

खंबाटकीचा घाट चढून आम्ही भुईंजच्या बाजूला उतरलो. उसाचे दिवस होते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वजनाने डुलणाऱ्या, आणि मागे दिवा नावाला नाही. आम्ही कडेच्या पांढऱ्या रेषेच्या डावीकडून एका रांगेत चाललो होतो. त्या पट्ट्यात खडी, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, फाटलेल्या टायरची लक्तरे आणि मधूनच उलट दिशेने अंगावर येणारी मोटारसायकल. एका फाट्यापाशी मी थांबलो. बाकीच्यांना वाटले, काका दमले. मी दमलो नव्हतो. ती जागा माझ्या ओळखीची होती.

१९८५ मध्ये मी याच जिल्ह्यातल्या एका शाखेत नवखा अधिकारी होतो. शाखेतल्या शिपायाला सगळे मामा म्हणत. मामा सात किलोमीटरवरच्या गावाहून चालत येत. त्यांच्या सायकल अ‍ॅडव्हान्सचा अर्ज मीच भरला. ६०० रुपये, महिना २५ रुपयांचे २४ हप्ते. काळी, उंच, मागे दणकट कॅरिअर असलेली सायकल आली त्या दिवशी मामांनी शाखेत पेढे वाटले. सायकल आल्यावर ते बायकोला कॅरिअरवर बसवून बाजाराला नेऊ लागले, मुलीला तालुक्याच्या शाळेत सोडू लागले. सहाशे रुपयांत एका घराचे जग सात किलोमीटरवरून वीस किलोमीटरपर्यंत पसरले.

पंधरा हप्ते फिटले होते. डिसेंबरअखेरच्या कामासाठी आम्ही मामांना रात्री नऊपर्यंत थांबवून घेतले. महामार्ग तेव्हा दुपदरी होता. त्या फाट्यापाशी मागून आलेल्या ट्रकने त्यांना उडवले. सायकलीला दिवा नव्हता. अर्ज भरताना डायनॅमोचे पैसे त्यात धरावेत असे मला सुचले नव्हते, आणि मामांनी ते मागितले नव्हते. पुढे त्यांचा हिशेब पुरा करण्याचे काम माझ्याकडे आले. वारसाला देय रकमेतून उरलेले नऊ हप्ते, म्हणजे २२५ रुपये, नियमाप्रमाणे वळते करून घेण्याच्या व्हाउचरवर माझी सही आहे. हिशेब बरोबर जुळला. नंतर मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत बँकेतली पुष्कळ माणसे आली. मामांना मी कधी कादंबरीत घेऊ शकलो नाही.

त्याच फाट्यावर मी सदतीस वर्षांनी उभा होतो. रजेच्या रोखीकरणातून घेतलेली अडुसष्ट हजारांची सायकल, तिच्यावर पुढे-मागे मिळून तीन दिवे आणि अंगात पिवळे जाकीट. रस्ता दुपदरीचा चौपदरी झाला, मग सहापदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालले. क्रमांकही चारचा अठ्ठेचाळीस झाला. सायकलवाल्यासाठी मात्र तेव्हाही कडेची मातीच होती आणि आताही कडेची खडीच आहे. फरक एवढाच की तेव्हा ट्रक ताशी पन्नासने येत असे.

आपण सायकलीचे दोन इतिहास एकाच वेळी जगतो आहोत. २०२० हे वर्ष आठवून पाहा. टाळेबंदी सैल झाल्यावर शहरांतल्या दुकानांत गिअरच्या सायकलींसाठी लोक नंबर लावून बसले. आमच्यापैकी निम्मे तेव्हाच या छंदाला लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पंधरा वर्षांची ज्योती कुमारी आपल्या जखमी बापाला जुन्या सायकलीच्या कॅरिअरवर बसवून गुरुग्रामहून बिहारमधल्या दरभंगा जिल्ह्यातल्या गावी घेऊन गेली. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसइतकेच. तिच्या कार्डावर शिक्के मारायला वाटेत कोणी बसले नव्हते. तिचे जगभर कौतुक झाले, सायकल महासंघाने तिला चाचणीसाठी बोलावले. कौतुक करणे सोपे होते. एका मुलीला बापाला असे घरी न्यावे लागले, हा प्रश्न अवघड होता, म्हणून आपण तिला खेळाडू करून टाकले.

आता आकडे पाहू. बँकेतल्या माणसाला त्यांच्याशिवाय चैन पडत नाही. २०११ च्या जनगणनेत प्रथमच लोक कामावर कसे जातात याची विचारपूस झाली. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी साधारण १३ टक्के लोक सायकलीने जात होते. मोटार, जीप वा व्हॅनने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे मधल्या काळात किती सायकली मोटारसायकलींनी गिळल्या हे त्या मोजपट्टीने सांगता येत नाही. पण रस्ते कोणासाठी बांधले जातात हे सांगायला जनगणना लागत नाही. त्या तीन टक्क्यांसाठी उड्डाणपूल झाले. तेरा टक्क्यांच्या वाट्याला पांढऱ्या रेषेच्या डावीकडचा कचरा आला.

दुसरा आकडा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पादचारी होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. सायकलस्वारांची संख्या त्या मानाने लहान वाटते. पण ताळेबंद वाचणाऱ्याला ठाऊक असते की काही देणी मुख्य रकान्यात दिसतच नाहीत. भीतीने ज्या आईने मुलीला सायकल दिलीच नाही, ज्या कामगाराने कर्ज काढून मोटारसायकल घेतली, ते या आकड्यात कुठे येणार?

धोरणे नाहीत असेही नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे सूत्रच असे की वाहने नव्हे, माणसे पुढे गेली पाहिजेत. एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याच्या महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यावर आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. जे सायकलमार्ग आहेत त्यांवर कुठे चारचाकी उभ्या असतात, कुठे वडापावची गाडी, तर कुठे मार्गाच्या ऐन मध्यभागी विजेचा खांब. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगलेच झाले. पण सायकल स्वस्त करून तिला रस्ता न देणे म्हणजे बचत खाते उघडून पैसे काढण्याची खिडकी बंद ठेवण्यासारखे आहे.

यात आम्हा हौशी मंडळींचा दोष किती? मला वाटते, पुष्कळ. आम्ही भेटतो तेव्हा बोलणे होते ते टायरच्या रुंदीचे, हृदयाच्या ठोक्यांचे, कोणी कोणता घाट किती मिनिटांत चढला याचे. आमच्यातला कोणी रस्त्यावर गेला की मेणबत्त्या लागतात, निवेदने दिली जातात, बातमी येते. शेजारून जाणाऱ्या दूधवाल्याच्या, रखवालदाराच्या, ऊसतोड कामगाराच्या मृत्यूची बातमी तालुक्याच्या पानावर चार ओळींत 'सायकलस्वार ठार' अशी येते. आम्ही रविवारच्या सकाळी रस्ता बंद करून मागतो. त्याला सोमवार ते शनिवार संध्याकाळी तो उघडा हवा असतो. आम्ही सायकलीला प्रतिष्ठा दिली हे खरे, पण ती प्रतिष्ठा स्वतःच घेऊन मोकळे झालो.

त्या दिवशी परतताना अंधार पडू लागला होता. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर एस अक्षरासारखे जे कुप्रसिद्ध वळण लागले, ते जीव मुठीत धरून ओलांडले. पुढे शिरवळच्या अलीकडे एक माणूस दिसला. कारखान्यात रात्रपाळीला चाललेला, मळकट स्वेटर, हँडलला डबा, आणि सायकल तीच काळी, उंच, दणकट कॅरिअरची. दिवा नाही. साधी परावर्तकाची पट्टीसुद्धा नाही. गणिताचा शिक्षक माझ्या पुढे होता. त्याने सवयीने खड्ड्याची खूण केली. ती आम्हाला कळली, त्या माणसाला कळली नाही. तो खड्ड्यात आदळला, सावरला आणि पुढे गेला.

मी त्याला थांबवले. माझ्या सायकलीचा मागचा जादा लाल दिवा काढून त्याच्या सीटखाली बांधला. दिवा लुकलुकायला लागला तसा तो मागे वळून पाहत राहिला. मग म्हणाला, "परत कुठं आणून देऊ?"

मला बोलता आले नाही. लेखापाल बाईंनी सांगितले, "भाऊ, तो तुम्हालाच ठेवा."

एका दिव्याने प्रश्न सुटत नाही, हे मला कळते. दान करून मोकळे होणे हीही एक पळवाटच. म्हणून आता आमच्या गटात मी एक हट्ट धरला आहे. ज्या रस्त्याने आम्ही जातो, त्याची नोंद करायची. कडेचा पट्टा कुठे तुटतो, सेवारस्ता कुठे अचानक संपून माणसाला थेट महामार्गावर ढकलतो, कोणत्या पुलाखालच्या वाटेत पाणी साचते, कारखान्यांच्या पाळ्या सुटतात तिथे दिवे आहेत की नाहीत. ही नोंद लेखी, तारखेसह, संबंधित कार्यालयात पोच घेऊन द्यायची. काही तरुण कंटाळतात. काकांची बँक सुटली पण परिपत्रक सुटले नाही, असे म्हणतात. म्हणोत. तीन ठिकाणी आम्हाला पोच मिळाली आहे आणि एका ठिकाणी खडी उचलली गेली आहे. मुदतीच्या मानाने हे काम फार संथ चालले आहे, हे मान्य. पण ब्रेव्हेने एवढे तरी शिकवले की संथ चालणाराही पोहोचतो, फक्त थांबता कामा नये.

टपरीवाल्याच्या 'कशाला?' याचे माझ्यापुरते उत्तर आता तयार आहे. आमच्याकडे वेळ आहे, दिवे आहेत, इंग्रजीत अर्ज लिहिता येतो आणि साहेबाच्या केबिनमध्ये आम्हाला खुर्ची मिळते. रस्त्यावर पुढे असलेल्याने वारा अंगावर घ्यायचा असतो आणि खड्डा दाखवायचा असतो, हा समूहाने सायकल चालवण्याचा पहिला नियम. रात्रपाळीला जाणारा तो माणूस आमच्याच रांगेत आहे, एवढे आम्ही एकदा मान्य केले की पुढचे सगळे त्या नियमातच येते.

त्या दिवशी मी बारा तास चाळीस मिनिटांत कात्रजला पोहोचलो. कार्डावर शेवटचा शिक्का बसला. घरी आल्यावर मी ते कार्ड जुन्या डायऱ्यांच्या खणात ठेवले. १९८५ ची डायरी तिथेच आहे. तिच्यात डिसेंबरच्या एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे : सायकल अ‍ॅडव्हान्स, बाकी २२५.