उसनीं मतें

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या ओटीवर एक वाद निघाला. आमची धाकटी सून महाविद्यालयांत इतिहास शिकविते. फ्रान्समधील अध्यक्षीय निवडणुकांवर टिपणें काढतां काढतां तिनें मान वर केली व आम्हांस विचारलें, "मामंजी, ज्याला पहिल्या खेपेस नको म्हटलें, त्यालाच दुसऱ्या खेपेस मत द्यायचें, हें मत प्रामाणिक कसें म्हणावें?" आमचे चिरंजीव लागलीच म्हणाले, "म्हणूनच अशा वेळीं स्वस्थ घरीं बसावें!" आम्ही त्या वेळीं कांहींच बोललों नाहीं, कारण या घरीं बसण्याचा आम्हांस स्वतःचा अनुभव आहे, आणि तो फारसा भूषणावह नाहीं. तो सांगण्यापूर्वीं मूळ विषय वाचकांपुढें ठेवितों.

अध्यक्षाची निवड थेट जनतेनें करावी असें फ्रान्समध्यें १९६२ सालच्या सार्वमतानें ठरलें, व तशी पहिली निवडणूक १९६५ सालीं झाली. नियम असा कीं, वैध मतांपैकीं निम्म्याहून अधिक मतें कोणासही न मिळाल्यास पहिल्या दोघांमध्यें दोन आठवड्यांनीं पुन्हां मतदान व्हावें. मतदार आडोशाला जाऊन उमेदवाराच्या नांवाची छापील चिठ्ठी लिफाफ्यांत घालतो, आणि तो लिफाफा सर्वांदेखत पारदर्शक पेटींत टाकतो. पहिल्या रविवारीं मनुष्य आपल्या मनाजोगा उमेदवार निवडतो. दुसऱ्या वेळीं मात्र, ज्यांतला एकही मनाजोगा नाहीं अशा दोघांतून एक निवडण्याची पाळी पुष्कळांवर येते.

२१ एप्रिल २००२ रोजीं असा प्रसंग फार तीव्रतेनें आला. उमेदवार सोळा होते. विद्यमान अध्यक्ष झाक शिराक यांस १९.८८ टक्के मतें मिळालीं, अतिउजव्या पक्षाचे झाँ-मारी ल पेन यांस १६.८६ टक्के, आणि समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पॅं यांस १६.१८ टक्के. दोन लाखांहूनही कमी मतांच्या फरकानें पंतप्रधान स्पर्धेंतून बाद झाले. डाव्या विचारांच्या मतदारांची मतें अनेक लहान उमेदवारांत विभागलीं गेलीं होतीं. ज्या पुढाऱ्यानें १९८७ सालीं नाझींच्या वायुकोठड्यांस महायुद्धाच्या इतिहासांतील एक 'तपशील' म्हटलें होतें, तो आतां अध्यक्षपदापासून एकाच पायरीवर उभा होता! १ मे रोजीं लक्षावधि लोक रस्त्यांवर उतरले. ज्यांनीं जन्मभर शिराक यांस विरोध केला, त्यांनींच ५ मे रोजीं त्यांस मत दिलें. हातमोजे घालून मत टाकूं, अशी भाषाही कांहींनीं केली. शिराक यांस ८२.२१ टक्के मतें पडलीं.

पंधरा वर्षांनीं, २०१७ सालीं, प्रसंग तोच परंतु पात्रें निराळीं होतीं. इमान्युएल माक्राँ हे एकोणचाळीस वर्षांचे गृहस्थ. पूर्वीं बँकेंत अधिकारी, नंतर अर्थमंत्री, आणि वर्षापूर्वींच स्थापिलेल्या मध्यममार्गी पक्षाचे पुढारी. त्यांच्यासमोर झाँ-मारी यांची कन्या मारीन ल पेन. नोकऱ्या व घरें देतांना फ्रेंच नागरिकांस अग्रक्रम असावा, आणि युरोपीय संघांत राहावें कीं नाहीं यावर सार्वमत घ्यावें, असें तिचें म्हणणें होतें. चौथ्या क्रमांकावर राहिलेले डावे झाँ-लुक मेलाँशाँ यांच्या मतदारांपुढें मोठाच पेंच पडला. त्यांच्या दृष्टीनें एक उमेदवार धनिकांचा, दुसरा परकीयांच्या द्वेषावर पोसलेला. ७ मे रोजीं माक्राँ ६६.१० टक्के मतांनीं निवडून आले. परंतु चाळीस लाखांहून अधिक मतदारांनीं केंद्रावर जाऊनही कोरें किंवा बाद मत टाकलें, आणि सुमारें एकचतुर्थांश मतदार आलेच नाहींत. २०२२ सालीं याच दोघांची पुन्हां गांठ पडली, तेव्हां ल पेन यांचीं मतें ४१.४५ टक्क्यांवर गेलीं होतीं.

कोरी चिठ्ठी टाकणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु त्याच्या कृतीचा अर्थ पाहिला पाहिजे. आमच्या व्याकरणशास्त्रांत निषेध दोन प्रकारचा सांगितला आहे. एक प्रसज्यप्रतिषेध, म्हणजे नुसतें 'नाहीं'. त्यांतून कशाचेंही ग्रहण होत नाहीं. दुसरा पर्युदास, म्हणजे अमुक वगळून जें उरेल तें घ्यावें. कोरी चिठ्ठी हा पहिला प्रकार. फ्रान्समध्यें ती वेगळी मोजतात, पण वैध मतांत धरीत नाहींत. आणि ती कितीही निघाली तरी अध्यक्षाचें आसन रिकामें राहत नाहीं. दुसऱ्या फेरींतलें अनिच्छेचें मत हा पर्युदास होय. 'हा नको, म्हणून तो,' असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि देणाऱ्यास तो पक्का ठाऊक असतो. जेथें अर्थ लपविलेला नाहीं, तेथें अप्रामाणिकपणा कसला?

आतां आमचा अनुभव. कांहीं वर्षांपूर्वीं एका सार्वजनिक वाचनालयाच्या चिटणिसपदाची निवडणूक होती. आम्हीं ज्यांचा पुरस्कार केला होता ते आमचे जुने सहकारी पहिल्या फेरींतच मागें पडले. उरलेल्या दोघांपैकीं एक अगदींच निरुत्साही होते. दुसरे हुशार, पण विनावर्गणी वाचावयास येणाऱ्या गरीब मुलांचा 'उपद्रव' बंद करूं, असें उघड सांगत. आम्हीं म्हटलें, दोघेही आमच्या योग्यतेचे नव्हेत; आणि दुपारीं जेवून झोंप काढली. आमच्यासारखे मानी सभासद आणखीही होते. ते हुशार गृहस्थ चार मतांनीं निवडून आले. पुढच्याच महिन्यांत एक मुलगा आम्हांस वाचनालयाच्या पायरीवर भेटला व म्हणाला, "गुरुजी, आतां वाचायला कुठें बसूं?" आमच्या शुचितेची किंमत त्या मुलानें दिली होती. त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं त्या दिवशीं नव्हतें, आजही नाहीं.

दुसरी पसंती ही आपणांसही परकी नाहीं. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकींत आमदार-खासदार एकाच मतपत्रिकेवर पसंतीचे क्रम लिहितात. १९६९ सालीं गिरी व संजीव रेड्डी यांपैकीं कोणासही पहिल्या पसंतीचें बहुमत मिळालें नाहीं. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख; त्यांच्या पारड्यांत १,१२,७६९ इतकें मतमूल्य होतें. तेव्हां दुसऱ्या पसंती मोजाव्या लागल्या. देशमुखांकडील पत्रिकांवरील बहुतेक दुसऱ्या पसंती रेड्डींकडे गेल्या. तथापि गिरींस जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच निर्णायक ठरल्या, व ते ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे विजयी झाले. दुसरा क्रम लिहिणाऱ्यास कोणी लबाड म्हटलें नाहीं.

मग दोष कोठें शिरतो? तो मत देणाऱ्याकडे नसून घेणाऱ्याकडे असतो. त्या रात्रीं हा सारा वाद ऐकून आमचें कुटुंब स्वयंपाकघरांतून म्हणालें, "शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर ती आपल्या डब्यांतली नव्हे, एवढें लक्षांत ठेवावें म्हणजे झालें." यापरतें नेमकें भाष्य आम्हांस सुचत नाहीं. २०२२ च्या विजयाच्या रात्रीं माक्राँ यांनीं स्वतःच कबूल केलें कीं, अनेकांनीं आपल्या विचारांस नव्हे तर अतिउजव्यांस अडविण्यासाठीं मत दिलें, आणि तें मत आपणांस बांधून घेतें. पुढच्याच वर्षीं निवृत्तीचें वय ६२ वरून ६४ वर नेणारा कायदा त्यांच्या सरकारनें राज्यघटनेंतील एका कलमाच्या आधारें, लोकसभागृहांत अंतिम मतदान न घेतांच, संमत करून घेतला. निवृत्तीचें वय वाढविण्याची गोष्ट त्यांच्या जाहीरनाम्यांत होती, हें खरें. कलम कायदेशीर होतें, हेंही खरें. परंतु ज्यांनीं साखर उसनी दिली होती, त्यांस वाटी रिकामीच परत आल्यासारखी वाटली. १७.७९, ३३.९० व ४१.४५ ही अतिउजव्यांच्या दुसऱ्या फेरींतील मतांची चढती पायरी पाहिली म्हणजे उसनें न फेडल्याची शंका बळावते. कारणें इतरही असतील. पण शेजारीण वारंवार रिकामी वाटी घेत नाहीं.

म्हणून सूनबाईंस आमचें उत्तर असें: मत द्यावें, तें उसनें आहे हें जाणून द्यावें, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची परतफेड मागत राहावें. चिरंजीवांस मात्र एवढेंच सांगतों कीं, घरीं बसणाऱ्याचें मतही कोणाच्या तरी पदरांत पडतच असतें. पुढल्या खेपेस आमचे पाय कितीही जड झाले तरी आम्ही जाणार आहों. त्या पायरीवरच्या मुलाचें आम्ही एवढें तरी देणें लागतों.