सर्ट, चौक आणि हिंजवडी

हिंजवडी-माणच्या पट्ट्यात नकाशे काढणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना जोसेप लुईस सर्ट हे नाव फार तर इतिहासाच्या पेपरापुरतं आठवत असेल. पण त्यांचे धागे मुळशी तालुक्यापर्यंत पोचले आहेत.

सर्ट १९०२ साली बार्सिलोनात जन्मले. पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिएंच्या हाताखाली काम केलं, मग गावी परतून सहकाऱ्यांबरोबर कामगारांची घरं आणि क्षयरुग्णांसाठी दवाखाना उभारला. यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूचे. १९३७च्या पॅरिस प्रदर्शनातला स्पॅनिश मंडप त्यांनी लुईस लाकासांबरोबर रचला. पिकासोचं ‘गेर्निका’ पहिल्यांदा लोकांनी पाहिलं ते त्याच मंडपात. फ्रँको जिंकला, १९३९ मध्ये सर्ट अमेरिकेला गेले आणि मायदेशात त्यांना व्यवसाय करण्याची बंदी झाली.

परागंदा आर्किटेक्टला ओळखीचा दगड, गवंडी, ऊन, काहीच मिळत नाही. सर्टनी भूमध्यसागरी घराचा चौक तेवढा सोबत नेला. पेरूतल्या चिंबोटे बंदराच्या आराखड्यात त्यांनी चौकाची बैठी घरं एकमेकांना भिडवून मांडली. घनता साधायला दर वेळी मजले चढवावे लागत नाहीत, हे त्यात दिसतं. पुढे बर्फाळ केंब्रिजमध्ये स्वतःचं घरही त्यांनी चौकाभोवतीच बांधलं. १९५१ मध्ये सियाम या आधुनिक आर्किटेक्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आठव्या परिषदेत, ते अध्यक्ष असताना, चर्चेचा विषयच शहराचा गाभा हा होता: माणसं पायी येतात, थांबतात, भेटतात ती जागा. १९५३ ते १९६९ ते हार्वर्डच्या डिझाइन स्कूलचे डीन होते आणि अर्बन डिझाइनचा स्वतंत्र अभ्यासक्रम त्यांनीच तिथे सुरू केला. त्यांचं सगळंच साधलं असं नाही. पीबॉडी टेरेसच्या तीन बावीस मजली मनोऱ्यांचं आर्किटेक्टांनी कौतुक केलं, शेजारच्या रहिवाशांना ते कधी आवडले नाहीत.

हार्वर्डमध्ये सर्टकडे शिकलेले ख्रिस्तोफर बेनिंजर बाळकृष्ण दोशींच्या बोलावण्यावरून अहमदाबादला आले आणि १९७६ मध्ये पुण्यात स्थिरावले. २०२४ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. पौडजवळच्या टेकडीवरचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज त्यांचं. काळ्या दगडाच्या भिंती, वर्गांमधून वाट काढत जाणारे चौक, उघडे कट्टे. ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी परवानगी काढून एक दिवस तिथे काढावा. त्या भिंतींची जाडी आणि सावली फोटोत उतरत नाही.

तालुका तोच, आणि हिंजवडीत आपण काय बांधलं? प्रत्येक कंपनीचा प्लॉट, त्याला कंपाउंड वॉल, गेटवर सिक्युरिटी केबिन, कॅन्टीन आत, बाग आत. रस्ता उरतो तो फक्त गाड्यांसाठी. औद्योगिक क्षेत्राचं नियोजन एमआयडीसीकडे, भोवतीच्या गावांचं पीएमआरडीएकडे; दोघांच्या सीमेवर पायी चालणारा माणूस कुणाच्याच नकाशात नसतो. दोष फक्त यंत्रणांचा, असं मी मानत नाही. साइड मार्जिन कुंपणात बंद करणारी ड्रॉइंग आपल्याच ऑफिसांतून निघतात, क्लायंटने न मागताही.

गावाला मात्र गाभा म्हणजे काय ते ठाऊक आहे. म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा हिंजवडी ते वाकड हाच रस्ता माणसांनी भरतो, आणि तो त्यांना पुरतो.

माण ते शिवाजीनगर मेट्रोची स्थानकं याच रस्त्यांवर आहेत. स्थानकाच्या जिन्यालगत ज्यांचा प्लॉट आहे, त्यांच्या आर्किटेक्टांनी क्लायंटपुढे निदान एक पर्यायी प्लॅन ठेवावा: रस्त्याकडची मार्जिन कुंपणाबाहेर, तिथे सावलीची झाडं, बसायला कट्टा, चहाच्या टपरीला पाणी आणि ड्रेनेजची जोडणी, आणि शेजारच्या प्लॉटमधून पलीकडे जाणारी पायवाट. एफएसआयचा एक चौरस फूटही त्यात जात नाही. असे प्लॅन आमच्याकडे पाठवा, नामंजूर झालेलेही. क्लायंटच्या किंवा यंत्रणेच्या शेऱ्यासकट आम्ही ते छापू.