जोड नळीचा, पहारा घराचा

साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील गाळ्यांमध्ये ज्यांचे उभे आयुष्य पाइपांचे आटे पाडण्यात आणि नळजोडणीत गेले, असे एक सत्तरीचे गृहस्थ काही महिन्यांपूर्वी पत्नीसह माझ्या दवाखान्यात आले. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे त्यांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते. हातातील शिरा सलाइन आणि सुयांनी बारीक होऊन गेल्यामुळे शल्यविशारदांनी त्यांच्या डाव्या दंडात त्वचेखाली कृत्रिम नळी बसविली होती. तिचे एक टोक धमनीला आणि दुसरे शिरेला जोडलेले होते. टाके काढून झाल्यावर त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, लोखंडी पाइप असता तर आटे पाडले असते, रबरी असता तर क्लॅम्प आवळला असता. ही नळी माणसाच्या शिरेला जोडली कशी? आणि हा जोड टिकतो किती?"

डायलिसिसच्या रुग्णांपैकी फार थोडे हा प्रश्न विचारतात. वास्तविक तो प्रत्येकाने विचारावा, इतका महत्त्वाचा आहे.

ही नळी बहुधा टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची असते. स्वयंपाकघरातील न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा थर असतो, तोच हा पदार्थ. तो ताणून सच्छिद्र केला जातो. नळीचा व्यास साधारण सहा मिलिमीटर असतो. शस्त्रक्रियेत आधी रक्तवाहिनी दोन्ही बाजूंनी हलक्या चिमट्याने बंद करतात, तिला बाजूने लांबट छेद देतात, नळीचे टोक तिरके कापतात आणि केसाएवढ्या बारीक धाग्याने कडेला कड शिवत जातात. वाहिनीचे आतले गुळगुळीत अस्तर रक्ताच्या बाजूलाच राहावे आणि गाठी बाहेर याव्यात, ही त्यातील मुख्य खबरदारी. आत खडबडीत कड राहिली, तर तिथे रक्त साकळते.

या कलेचा उगम थेट भरतकामाशी जाऊन पोहोचतो. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरात सुऱ्याने हल्ला झाला. त्यांची पोटातील मोठी शीर फाटली आणि ती शिवण्याचा खात्रीचा मार्ग तेव्हाच्या शल्यविशारदांना ठाऊक नसल्याने ते दगावले. त्याच शहरात शिकणाऱ्या अलेक्सी कॅरेल या तरुणाच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. त्याने तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुईचे टाके शिकून घेतले. वर्तुळाकार कडेवर तीन ठिकाणी आधाराचे टाके घालून तिचा त्रिकोण करायचा आणि मग एकेक सरळ बाजू शिवायची, ही त्याची पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत डॉ. मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉनच्या कापडाच्या पहिल्या नळ्या पत्नीच्या शिवणयंत्रावर शिवल्या. शिवणयंत्रांची घरघर दिवसभर ऐकणाऱ्या आपल्या साकीनाक्याला यात नवल वाटू नये.

सुईदोऱ्याऐवजी एखाद्या साधनाने हे काम चटकन व्हावे, ही इच्छाही तितकीच जुनी आहे. १९०० सालीच एर्विन पायर यांनी मॅग्नेशियमची छोटी कडी वापरून पाहिली. वाहिनीचे टोक कडीतून ओवून, सदऱ्याची बाही दुमडावी तसे उलटे दुमडायचे आणि दुसऱ्या वाहिनीत सरकवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात धातूच्या पिना मारणारी यंत्रे आली. आज टायटॅनियमच्या सूक्ष्म क्लिपा मिळतात. त्या वाहिनीची कड बाहेर वळवून पकडतात. आतल्या अस्तराला भोक पाडत नाहीत. काही नळ्यांच्या एका टोकाला धातूच्या जाळीचा आधार असतो. ते टोक शिरेत सरकवले की आपोआप उमलून आतून घट्ट बसते आणि त्या बाजूला शिवण घालावी लागत नाही. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायाची शीर महाधमनीला जोडण्यासाठीही अशी जोडसाधने निघाली. वृद्धांच्या महाधमनीत चुन्याचे थर साठलेले असतात. तिला चिमटा लावताना त्यांचा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. साधनामुळे चिमटा टळावा, हा त्यामागील हेतू.

हेतू चांगला असला, तरी अनुभव संमिश्र आला. या शतकाच्या आरंभी बाजारात आलेल्या अशाच एका साधनाचा जोड काही क्षणांत होत असे आणि गळतही नसे; परंतु पुढे काही रुग्णांत जोडलेली शीर तोंडाशी अरुंद होऊन बंद पडल्याचे आढळले आणि त्याची विक्री थांबवण्यात आली. नंतरची साधने या अनुभवातून सुधारत गेली. तरीही आज बहुसंख्य शल्यविशारद जोडकामासाठी सुईदोराच हाती घेतात. म्हणून कोणी "यंत्राने जोडून देतो" असे म्हटले, तर भारावून जाऊ नये आणि भिऊही नये. "माझ्या शिरांसाठी ते का आवश्यक आहे आणि त्याचा वेगळा खर्च किती?" एवढे शांतपणे विचारावे.

आमच्या फिटरकाकांना मी जे उत्तर दिले, त्याचे सार असे: नळाच्या जोडाला गळतीची भीती असते, रक्तवाहिनीच्या जोडाला कोंडीची. पहिले काही दिवस गळती आणि जंतुसंसर्गाची काळजी असतेच. परंतु पुढील महिन्यांत आणि वर्षांत नळी बंद पाडणारी गोष्ट वेगळीच असते. धमनीचे रक्त जोराने नळीतून येऊन शिरेच्या पातळ भिंतीवर आदळते. शिरेला या दाबाची सवय नसते. ती आतून जाड होऊ लागते आणि नळी व शीर यांच्या जोडापाशी वाट हळूहळू अरुंद होते. लोखंडाचा जोड एकदा बसला की बसला. इथे जोडाची एक बाजू जिवंत आहे आणि ती बदलत राहते. शिवण कितीही सफाईची असो वा साधन कितीही महागडे असो, हा बदल पूर्णपणे टळत नाही. मात्र तो वेळेवर ओळखता येतो, आणि ओळखणारी माणसे बहुधा घरातलीच असतात.

म्हणून ज्यांच्या घरी अशी नळी अथवा फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा थेट जोड, असलेला रुग्ण आहे, त्यांनी रोज सकाळी चहाआधी दोन मिनिटे काढावीत.

प्रथम पाहावे. हाताला सूज, लाली, पू अथवा सुईच्या जागी पातळ, चकाकणारी त्वचा दिसते का? मग स्पर्श करावा. बोटे हलकेच ठेवली असता मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर जाणवली पाहिजे. थरथर जाऊन नुसता कडक ठोका लागत असेल, तर पुढे वाट अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. शेवटी कान लावून सलग घुमणारा आवाज ऐकावा. बोटे थंड, निळसर किंवा दुखरी झाली असतील, तर हाताला रक्त कमी पोहोचत असल्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावे.

डायलिसिसच्या दिवशी आणखी दोन खुणा मिळतात. सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थांबणारे रक्त आता अधिक वेळ घेते का? यंत्रावर रक्त परत जाण्याचा दाब पूर्वीपेक्षा वाढला आहे का? दोन्हींचा अर्थ असा, की नळीतील रक्ताला बाहेर पडायला वाट अपुरी पडते आहे. हे तंत्रज्ञांना विचारण्यात संकोच करू नये.

त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, डायलिसिसखेरीज सुई टोचू देऊ नये, घट्ट बांगडी अथवा घड्याळ घालू नये, तो हात उशाशी घेऊन झोपू नये. भाजीची जड पिशवी त्या कोपरात अडकवू नये. जुलाब, उलट्या किंवा रक्तदाब एकदम उतरल्यासही नळीत रक्त साकळू शकते. अशा दिवशी थरथर पुन:पुन्हा पाहावी.

थरथर थांबली, तर हात चोळू नये, शेकू नये आणि पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गुठळी जितकी ताजी, तितकी नळी पुन्हा मोकळी होण्याची शक्यता अधिक. नळीतून रक्त वाहू लागल्यास नेमक्या त्या जागी स्वच्छ फडक्याने बोटांनी घट्ट दाबून धरावे, हात वर उचलावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वर फडक्यांचा ढीग रचू नये. त्याखाली रक्त वाहत राहिले, तरी दिसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर घरी निघताना डॉक्टरांकडून एका कागदावर साधी आकृती काढून घ्यावी: नळी कुठून कुठे जाते, रक्त कोणत्या दिशेने वाहते, शिरेचा जोड कुठे आहे, सुई केव्हापासून टोचायची आणि रात्री कुणाला फोन करायचा. क्लिपा किंवा जाळी वापरली असल्यास त्याची नोंद घ्यावी आणि एमआरआयपूर्वी दाखवावी. ज्यांना अजून डायलिसिस लागलेले नाही, पण मूत्रपिंडे अशक्त आहेत, त्यांनी रक्त तपासणीसाठी शक्यतो हाताच्या पंजामागील शीर द्यावी. कोपर आणि मनगटाच्या शिरा पुढे उपयोगी पडतात. स्वतःच्या शिरेचा फिस्टुला होऊ शकत असेल, तर बहुतेकांसाठी तोच अधिक टिकाऊ ठरतो. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

एका ओळखीच्या घरी मागे असे घडले होते. हाताची थरथर मंगळवारी रात्री थांबली. "गुरुवारी डायलिसिस आहेच, तेव्हा दाखवू," असे ठरले. गुरुवारी नळी उघडता आली नाही. मानेत कॅथेटर बसवावा लागला, आणि पुन्हा नवी जागा शोधण्याची वेळ आली. त्या कुटुंबाचा निष्काळजीपणा नव्हता. थांबू नये, हे त्यांना कुणी स्पष्ट सांगितलेच नव्हते.

फिटरकाकांच्या पत्नीला मी सांगितले होते. चौथ्या महिन्यात एका सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला. "डॉक्टर, ह्यांच्या हातात आज काहीच वाजत नाही." तासाभरात सून त्यांना घेऊन रुग्णालयात निघाली. गुठळी काढली गेली, शिरेच्या जोडापाशी अरुंद झालेली वाट फुग्याने रुंद केली आणि त्याच नळीतून दुसऱ्या दिवशी डायलिसिस झाले. ही वाट पुन्हा अरुंद होऊ शकते, हे त्या तिघांनाही मी सांगितले आहे. काकूंनी ते नीट ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग आता मी सकाळसारखेच रात्री झोपतानाही हात लावून बघू ना?"

अवश्य बघा, काकू. वाचकहो, आपणही बघा.